छाट

साखर पेठेत माझं दुकान. दस्तगीर सायकल मार्ट.
मार्ट म्हणजे एक पत्रा, एक पंप, पाण्याचं घमेलं
आणि तासावर द्यायच्या सात सायकली.
पाच नंबरची तिची.

सुगुणा येमूल. नऊ-दहाची असेल.
दांडीखालून पाय घालून बावीस इंची जेन्ट्स हाणायची,
कॅरिअरला टोपली, टोपलीत आईनं वळलेल्या हजार विड्या.
तासाचा रुपया. ती पाऊण तासात परत.
चार आणे द्या की ओ, मामू.
मी द्यायचो नाही.
मग उरलेल्या पंधरा मिनिटांत
ती कन्ना चौकाला फेऱ्या मारून यायची.
आधी दोन. दिवाळीपर्यंत पाच.
माझ्या चिकटपणातनं चॅम्पियन झाली, असं मी सांगतो.
कुणी हसत नाही.

कारखान्यात चेकर विड्या बघायचा.
पान फाटलं, तोंड सैल: छाट.
हजारातल्या साठ-सत्तर बाजूला.
पैसे नाहीत, विडीही परत नाही.
तो शब्द तिनं तिथनं उचलला.
ट्यूब तिसऱ्यांदा फुटली: छाट.
गणिताचा पेपर: छाट.
पुण्याच्या पहिल्या निवडीहून आली
ती स्टँडवरनं थेट दुकानात,
पंक्चरच्या घमेल्यात कोपरापर्यंत हात बुडवून बसली.
मी विचारलं नाही. तिनंही तो शब्द
त्या दिवशी वापरला नाही.

मग होटगी रोड. पहाटे साडेचार.
एप्रिलात त्या वेळेलासुद्धा डांबर पायाला ऊन लागतं.
मोजायला मैलाचे दगड आणि माझं घड्याळ,
जे मागं पडायचं,
त्यामुळं तिची वेळ कायम चांगली यायची.
खरं घड्याळ तिला पतियाळात भेटलं.
तिथंही चांगलीच आली.

ट्रॅकची सायकल आणली, मी उलटी करून पाहिली.
ब्रेक नाही. फ्रीव्हील नाही.
चाक फिरतंय तोवर पाय फिरणार.
थांबायची सोय कंपनीनंच ठेवलेली नाही.
आई म्हणाली, मेल्लगा, मेल्लगा.
येमूलअण्णा मागावरनं आलेले, कानात अजून खडखडाट, म्हणून ओरडूनच बोलले:
माझा धोटा बत्तीस वर्षं पळतोय, पोचला कुठं?
ही पण गोलच पळणार.
चाकांचे पैसे मात्र त्यांनीच दिले.
कुणाला सांगू नको म्हणाले.
आज सांगितलं. ते नाहीत आता.

चार वर्षं ओळीनं देशात पहिली. हे पेपरात आलंय.
बँकॉकला पडली, गळ्याचं हाड मोडलं, हेही आलंय.
मांडीत लाकडी ट्रॅकचं कुसळ घुसलं, बोटभर,
ते आलं नाही.
ते माझ्याकडं आहे. वॉशरच्या डबीत.
तिनंच आणून दिलं, म्हणाली, ठेवा, बिलात लावा.

पुढं रेल्वेत नोकरी, पार्सल ऑफिस. स्कूटी.
हवा भरायला येते, गुडघा चोळत उभी राहते.
पदकं आईच्या पेटीत, तंबाखूचा वास लागलेली.

गेल्या रविवारी जिल्ह्याची निवड होती.
सत्तेचाळीस पोरी, जागा सहा.
टेबलामागं सुगुणा, गळ्यात स्टॉपवॉच.
यादी वाचून झाली. सगळ्या पांगल्या.
एक उभीच, चपला घातलेली, हँडल न सोडता.
सुगुणानं तोंड उघडलं.
कुठला शब्द जिभेवर आला, मला दिसला.
तिनं तो गिळला. बाटलीतलं पाणी प्यायली.

सायकल कुणाची?
भाड्याची.
वेळ उरलाय का?
दहा मिनिटं.
मग इथं काय करतीस? जा, संपव.

पोरगी गेली.
सीट उंच होती तिला, कंबर दोन्हीकडं झुकत होती.
मागच्या चाकात चांगलाच आउट, इथनं दिसत होता.
सायकल माझ्याच दुकानातली,
त्यामुळं मी काही बोललो नाही.